'नॉट बोर्न आउट बाय द रेकॉर्ड' या वाक्याचा नेमका अर्थ काय?

तापीकाठ

नमस्कार मंडळी,

मी रावेर तालुक्यात शाळेवर इंग्रजी शिकवतो. केळीच्या विम्याची पत्रं यायला लागली की गावातले कागद माझ्या ओट्यावर येतात. अर्ज मराठीत भरलेला असला तरी कंपनीचं उत्तर ईमेलवर आणि इंग्रजीत येतं. परवा शेजारचे आबा असंच एक पत्र छापून घेऊन आले. कुणीतरी मोबाइलवर त्याचं भाषांतर करून दिलं होतं. त्यात 'जन्मलेले नाही' असं काहीतरी आलं आणि कुणालाच बोध झाला नाही. मग चौकात एकानं सांगून टाकलं, "आबा, कंपनी म्हणते तुमचा दावा खोटा आहे." ज्या माणसाचं उभं आयुष्य केळीत गेलं, त्याला हे फार लागलं. दोन घास धड गेले नाहीत त्यांना त्या दिवशी.

मूळ वाक्य असं होतं: "द एरिया क्लेम्ड अंडर बनाना इज नॉट बोर्न आउट बाय द क्रॉप रेकॉर्ड."

यात आबांना कुणी खोटं म्हटलेलं नाही. केळीखालचं जेवढं क्षेत्र तुम्ही सांगता, त्याला पीक नोंदीचा आधार मिळत नाही, एवढाच याचा अर्थ. माणूस खोटं बोलतो असं म्हणणं आणि हाती असलेल्या कागदात ते दिसत नाही असं म्हणणं, या दोन्हींत फार अंतर आहे. ते अंतर कळलं नाही तर माणूस खचतो, नाहीतर रागाच्या भरात भलतंच उत्तर लिहून बसतो. म्हणून या एका क्रियापदावर नीट बोलू या.

'बेअर आउट'. रूपं बेअर, बोअर, बोर्न. या 'बोर्न'च्या स्पेलिंगमध्ये शेवटी 'ई' असतो. जन्माला आलेला या अर्थाच्या 'बोर्न'मध्ये तो नसतो. दोन्ही एकाच 'बेअर'ची रूपं, कारण बेअर म्हणजे वाहणं, पेलणं आणि पोटात वाढवून जन्म देणंही. संस्कृतातला 'भृ' धातू, ज्यातून आपला 'भार' आला, त्याचं आणि या बेअरचं मूळ एकच आहे.

'बेअर आउट'मध्ये कुणीतरी काहीतरी आधी सांगितलेलं असतं: दावा, अंदाज, शंका, आरोप. नंतर पुरावा, आकडे, नोंदी, अनुभव किंवा घडलेली घटना त्या सांगण्याचा भार पेलते. म्हणून वाक्याचा कर्ता बहुतेक वेळा पुरावा असतो. "द फिगर्स बेअर आउट हिज क्लेम": त्याच्या म्हणण्याला आकड्यांचा दुजोरा मिळतो. पुरावा हाती नसताना केवळ आपल्या मनाला खात्री वाटते म्हणून हे क्रियापद वापरता येत नाही.

आबांचा सातबारा काढून पाहिला. केळी दोन गटांत आहे. एका गटाची ई-पीक पाहणी झालेली आणि गाव नमुना बाराला केळीची नोंद लागलेली. दुसऱ्या गटाची पाहणी राहून गेली होती आणि तिथे पिकाचा रकाना कोरा होता. म्हणजे शेतात केळी उभी होती हे खरं, आणि नोंदीत ती पूर्ण दिसत नव्हती हेही खरं. कंपनीचं वाक्य फक्त दुसऱ्या गोष्टीबद्दल होतं.

हे कळल्यावर उत्तराची दिशा ठरली. 'मी खोटं बोलत नाही' असं लिहून काही उपयोग नव्हता, कारण तसं कुणी म्हटलंच नव्हतं. आम्ही दुसऱ्या गटातले तारखेसह आणि स्थळासह काढलेले फोटो, रोपांची पावती आणि ठिबकचं बिल जोडलं आणि लिहिलं: "द एन्क्लोज्ड डॉक्युमेंट्स बेअर आउट द एरिया स्टेटेड इन माय अ‍ॅप्लिकेशन." त्याच क्रियापदानं उत्तर दिलं.

आपल्या खान्देशातल्या लोकांना अशी वाक्यं कुठे कुठे भेटली, ते इथे लिहा.

भुसावळ_जंक्शन

सर, धागा उपयोगाचा आहे. माझी शंका अशी की कन्फर्म हा शब्द सगळ्यांना येतो, मग कंपनीनं "नॉट कन्फर्म्ड" का लिहिलं नाही? आमच्याकडे स्टेशनवर तर अडाणी माणूसही विचारतो, "साहेब, कन्फर्म झालं का?"

तापीकाठ

भाऊ, तुमच्याच खिडकीवरचं उदाहरण घेतो. कन्फर्म हा शब्द दोन कामं करतो. एक, ठरवून पक्कं करणं: तिकीट, भेटीची वेळ, नेमणूक. तिथे कुणीतरी निर्णय घेतो आणि त्या निर्णयानं गोष्ट पक्की होते. वेटिंगचं तिकीट कन्फर्म होतं ते जागा मिळाली म्हणून. आधी कुणी केलेला दावा खरा ठरला, असा त्यात भाग नसतो. दुसरं काम, सांगितलेली गोष्ट खरी असल्याचं दाखवणं: डॉक्टरांना वाटलं मलेरिया आहे, रक्ताच्या तपासणीनं ते कन्फर्म केलं.

बेअर आउट फक्त हे दुसरं काम करतो. "माय टिकेट वॉज बोर्न आउट" हे वाक्य होऊच शकत नाही. "द ब्लड टेस्ट बोअर आउट द डॉक्टर्स सस्पिशन" हे उत्तम वाक्य आहे.

आणि आबांच्या पत्रात "नॉट कन्फर्म्ड" असतं तर 'अजून निर्णय व्हायचाय' असाही अर्थ निघाला असता. "नॉट बोर्न आउट" म्हटल्यावर तपासून पाहिलं, पण आधार सापडला नाही, हे स्पष्ट होतं.

जुनी_पेठ

जळगावला वकिली करतो. आमच्या कामात हा शब्दप्रयोग रोजचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

निकालपत्रांत "धिस कंटेन्शन इज नॉट बोर्न आउट फ्रॉम द रेकॉर्ड" असं वाक्य वारंवार येतं. आपल्या देशातल्या न्यायालयीन इंग्रजीत 'फ्रॉम' रुळलेला आहे. एरवी प्रमाण इंग्रजीत 'बाय' वापरतात. अर्ज-पत्रं लिहिताना 'बाय'च लिहावं.

पक्षकार हे वाक्य ऐकून हादरतो, हे मी पुष्कळदा पाहतो. त्याला वाटतं, कोर्टानं आपल्याला लबाड ठरवलं. कोर्टाला लबाड म्हणायचं असेल तर त्याला वेगळे शब्द आहेत: फॉल्स, फॅब्रिकेटेड, कन्कॉक्टेड. 'नॉट बोर्न आउट' हे त्यांच्या मानानं संयमी वाक्य आहे. रेकॉर्डवर जे आलं त्यात हे दिसत नाही, इतकंच. रेकॉर्डवर यायचं राहिलेलं काही असेल आणि ते आणण्याची मुभा कायद्यात असेल तर अजून वाट असते. माझ्या पक्षकारांना मी हे दर वेळी बसवून समजावतो. माणूस घरी काय मनात घेऊन जातो, याला किंमत आहे.

एक भर घालतो. कर्ता बहुतेक वेळा पुरावा असतो हे सरांनी बरोबर लिहिलं, पण माणूसही कर्ता होऊ शकतो, साक्षीदार म्हणून. "आय वॉज अ‍ॅट होम दॅट नाइट, माय ब्रदर विल बेअर मी आउट." म्हणजे माझा भाऊ माझ्या म्हणण्याला पुष्टी देईल. इथे भाऊ मला पाठिंबा देत नाही, मी जे सांगितलं ते तसंच घडलं हे सांगतो. नुसता पाठिंबा असेल तर "बॅक मी अप" म्हणतात. भाऊबंदकीच्या दाव्यात हा फरक फार जपावा लागतो, कारण गावातले चार लोक बाजूनं उभे राहतात, पण प्रत्यक्ष पाहिलेला त्यांत एखादाच असतो.

आणि बेअर आउट म्हणजे प्रूव्ह नव्हे. एखादी पावती माझ्या म्हणण्याला बळ देते. तेवढ्यानं माझं म्हणणं निर्विवाद सिद्ध होतंच असं नाही. मराठीत अनुवाद करताना लोक सरसकट 'सिद्ध झाले' लिहितात, ते जड होतं.

तापीकाठ

वकीलसाहेब, आभार. माणूस कर्ता असण्याचा मुद्दा महत्त्वाचा. त्याच वाक्यातली शब्दांची जागाही सगळ्यांनी पाहून ठेवा: "बेअर मी आउट". सर्वनाम मधे येतं. "बेअर आउट मी" चालत नाही. कर्म लांबलचक असेल तर मात्र ते शेवटी जातं: "द रेनफॉल डेटा बेअर्स आउट व्हॉट द फार्मर्स हॅड बीन सेइंग सिन्स जून."

कपाशी

जामनेरकडून. जिनिंगचा व्यवहार आहे. आमच्याकडे दक्षिणेतल्या सूतगिरण्यांचे मेल येतात, त्यात दुसरंच एक असतं: "प्लीज फर्म अप द क्वांटिटी बाय फ्रायडे." मी त्याचा अर्थ 'कन्फर्म करा' असा घेतो. ते बेअर आउटच्याच घरातलं आहे का?

तापीकाठ

दादा, घर वेगळं. तुम्ही घेता तो अर्थ बरोबर आहे. मोघम ठरलेलं नक्की करणं म्हणजे फर्म अप. 'पाचशे-सहाशे गाठी देऊ' असं बोलणं झालंय, तर शुक्रवारपर्यंत नेमका आकडा कळवा. हे पुढच्या गोष्टीबद्दल असतं, जी अजून व्हायची आहे. बेअर आउट मागे वळून पाहतो: आधी बोललेलं खरं निघालं का?

तुमच्याच धंद्यातलं एक वाक्य दोन्हींचं बनवतो. मोसमाच्या सुरुवातीला तुम्ही गिरणीला सांगितलं की यंदा आमच्या भागातल्या कापसाची लांबी चांगली आहे. प्रयोगशाळेचा अहवाल तसाच आला. "द लॅब रिपोर्ट बोअर आउट व्हॉट यू हॅड टोल्ड देम, सो दे फर्म्ड अप द ऑर्डर." अहवालानं तुमचा शब्द खरा ठरवला, म्हणून त्यांनी ऑर्डर पक्की केली.

कपाशी

हे एकदम डोक्यात बसलं. मग बाजाराच्या बातमीत "प्राइसेस फर्म्ड अप" येतं, तिथे कोण काय नक्की करतं? मी एकदा आमच्या मुनीमजींना सांगितलं होतं की भाव ठरले, पण खंडीचा भाव तर नुसता वर गेला होता.

तापीकाठ

तिथे नक्की करणारा कुणी नसतो. भाव सावरले, वधारले, टिकून राहिले, असा अर्थ. फर्म म्हणजे घट्ट. सैल पडलेला बाजार घट्ट झाला. कापूस, सोनं, तूर, सगळ्या बाजारांच्या बातम्यांत हा प्रयोग येतो आणि त्यात सौदा ठरल्याचं काहीच नसतं. कन्फर्ममधला 'फर्म'ही तोच, लॅटिनमधल्या 'फिर्मुस' म्हणजे मजबूत या शब्दापासून आलेला.

पाटणावासी

चाळीसगावकडचा. तुमच्या धाग्यावरून मला आमच्या पाटणादेवीचा शिलालेख आठवला. बेअर आउट कुठवर पोचतो आणि कुठे थांबतो, हे त्यावरून फार स्वच्छ कळतं.

भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'त स्वतःबद्दल लिहून ठेवलंय: जन्म शके १०३६ चा, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ग्रंथ रचला, म्हणजे इसवी सन ११५० च्या सुमारास. वडिलांचं नाव महेश्वर आणि गाव सह्य पर्वताजवळचं विज्जडविड.

पाटण्याचा लेख त्यानंतरचा, तेराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांसमोर आणला. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. महेश्वराचा मुलगा भास्कर, त्याचा लक्ष्मीधर, त्याचा चांगदेव. हा चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यानं मठ स्थापला आणि इथल्या निकुंभ राजांनी त्या मठाला देणगी दिली. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण शेवटी जुनी मराठी येते. बाजारात येणाऱ्या मालावरचं कुठलं उत्पन्न मठाला द्यायचं, हे तिथे लिहिलंय. राजाची स्तुती संस्कृतात आणि बाजाराचा हिशेब मराठीत, हे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

आता तुमचं क्रियापद. "द पाटण इन्स्क्रिप्शन बेअर्स आउट भास्कराज स्टेटमेंट अबाउट हिज फादर." हे शंभर टक्के बरोबर, कारण महेश्वराचं नाव ग्रंथातही आहे आणि दगडावरही. पण आमच्या भागात पुष्कळ जण पुढे जाऊन म्हणतात की भास्कराचार्यांचा जन्मच पाटण्याला झाला हे शिलालेखानं सिद्ध होतं. शिलालेख तसं म्हणत नाही. नातवानं इथे मठ काढला एवढंच तो सांगतो. विज्जडविड म्हणजे नेमकं कोणतं गाव, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मी पाटण्याचा अभिमान बाळगणारा माणूस आहे आणि विज्जडविड इथेच असावं असं मला मनापासून वाटतं. तरी इंग्रजीत लिहिताना "द क्लेम दॅट ही वॉज बॉर्न अ‍ॅट पाटण इज नॉट बोर्न आउट बाय द इन्स्क्रिप्शन" असंच लिहावं लागेल. या वाक्यात जन्माचा 'बॉर्न' आणि दुजोऱ्याचा 'बोर्न' शेजारी आलेत, तेही पाहा.

जुनी_पेठ

वा! कोर्टात शिकाऊ वकिलांना समजवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळायचं नाही. त्याच दगडावरून एक गोष्ट बोर्न आउट आणि दुसरी नाही. आणि दुसरी नाही म्हणजे ती खोटी आहे, असंही नाही.

मिरचीगाव

नंदुरबार. आमच्या वसतिगृहातली मुलं वेब सिरीज पाहून "हिज स्टोरी चेक्स आउट" असं बोलतात. मला वाटायचं, चेक आउट म्हणजे हॉटेल सोडणं. हेही पडताळणीचंच का?

तापीकाठ

हो ताई. "हिज स्टोरी चेक्स आउट" म्हणजे त्याची हकीकत तपासली आणि ती खरी निघाली. इथे हकीकत हाच कर्ता आहे आणि पुढे कर्म येत नाही. बेअर आउटमध्ये पुरावा कर्ता असतो आणि हकीकत कर्म. "हिज स्टोरी चेक्स आउट" आणि "द फोन रेकॉर्ड्स बेअर आउट हिज स्टोरी" यांचा परिणाम एकच. पहिलं वाक्य बोलीतलं आणि पोलीस चौकशीच्या वळणाचं, दुसरं लिखाणातलं. परीक्षेत, अर्जात, बातमीत दुसरं शोभतं.

मिरचीगाव

आणि मराठीत याला एकच एक शब्द कोणता धरायचा? मी मुलांना 'दुजोरा देणे' सांगते.

तापीकाठ

दुजोरा चांगला आहे, पण दुजोरा सहसा माणूस देतो. 'सूत्रांनी या वृत्ताला दुजोरा दिला' असं आपण रोज वाचतो. घटनेनं एखादी गोष्ट खरी ठरवली तर मला 'प्रत्यंतर येणे' जास्त जवळचं वाटतं. 'म्हातारी माणसं सांगायची, तापीला पूर आला की गाळ चांगला बसतो. यंदा त्याचं प्रत्यंतर आलं.' इथे इंग्रजीत बेअर आउट अगदी फिट बसतो. कागदपत्रांसाठी 'नोंदींवरून पुष्टी मिळते' किंवा 'नोंदींशी जुळते' म्हणावं. नकारार्थी असेल तर 'आधार मिळत नाही'. एकच शब्द पाठ करून घेण्यापेक्षा कर्ता कोण आहे ते आधी पाहायला शिकवा. माणूस, कागद की घटना, हे ठरलं की मराठी आपोआप येतं.

साक्री_रोड

जिभाऊ, आते बठ्ठं समजनं. धुळ्याला स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. चार वाक्यं केली आहेत, तपासून द्याल का?

१. द इलेक्शन रिझल्ट्स बोअर आउट द सर्व्हे.
२. माय फिअर्स वेअर बोर्न आउट बाय द रिपोर्ट.
३. द मॅनेजर बोअर आउट माय लीव्ह फॉर मंडे.
४. द विटनेसेस बोअर आउट हिम.

तापीकाठ

पहिलं बरोबर.

दुसरं फारच छान. भीती, शंका, अंदाज या गोष्टींबरोबर हे क्रियापद सुंदर बसतं. फक्त लिहिताना 'बोर्न'च्या शेवटी 'ई' टाक. परीक्षेत चुका दुरुस्त करायच्या प्रश्नात हाच 'ई' गाळून देतात.

तिसरं चूक. रजा मंजूर करणं हा निर्णय आहे. तिथे अ‍ॅप्रूव्ह्ड किंवा कन्फर्म्ड. तुझ्या रजेत खरं-खोटं करण्यासारखा दावाच नाही. पण तू म्हणालास की मी आजारी होतो आणि दवाखान्याच्या कागदावरून ते खरं दिसलं, तर "द मेडिकल पेपर्स बोअर मी आउट" म्हणता येईल.

चौथ्यात शब्दांची जागा चुकली. "द विटनेसेस बोअर हिम आउट."

साक्री_रोड

धन्यवाद सर. तिसरं असं केलं: "द मॅनेजर डाउटेड माय रीझन फॉर लीव्ह, बट द हॉस्पिटल रेकॉर्ड्स बोअर मी आउट." आता चालेल?

तापीकाठ

चालेल. आता हेच वाक्य पॅसिव्हमध्ये कर आणि 'माय रीझन' हा कर्ता घे.

साक्री_रोड

"माय रीझन वॉज बोर्न आउट बाय द हॉस्पिटल रेकॉर्ड्स." 'ई'सकट.

तापीकाठ

बरोबर.